काटे खरे, चमचे खोटे

१

लाईट गेलेली होती. कूलर गप्प, फ्रीज गप्प, आणि पाच वर्षांच्या पारमीला मांडीवरून गादीवर सरकवून जेमतेम दहा मिनिटं झालेली. तेलीबांध्याच्या त्या चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये इतकी शांतता चेतनाच्या वाट्याला क्वचितच यायची. तेवढ्यात तिच्या हातातून चमचा निसटला.

टप्.

आधी तिनं पारमीकडे पाहिलं. पोरगी हलली नाही. मग तिनं फरशीवरच्या चमच्याकडे पाहिलं.

पारमी होईपर्यंत चेतना सोनं तारण ठेवून कर्ज देणाऱ्या एका कंपनीत पारखीचं काम करायची. सदर बाजारातल्या देवीदास नावाच्या म्हाताऱ्या सराफानं तिला शिकवलं होतं, की कसोटीचा दगड पुढचं पुढे, आधी कान लाव. चांदी पडली की तिचा नाद मागे रेंगाळतो. हा आवाज जागच्या जागी मेला होता.

तिनं पेटीतला एक काटा उचलला आणि वीतभर उंचीवरून मुद्दाम सोडला. काटा लांबवर किणकिणत राहिला.

पेटी तिच्या सासऱ्यांची. हिरालाल गजभिये, म्हणजे घरातले आबा, रेल्वेच्या साहेबांच्या सलूनमध्ये, म्हणजे त्यांच्या खास डब्यात, खानसामा होते. एकाहत्तर साली हॉल्डन साहेबाची विधवा बायको ऑस्ट्रेलियाला निघाली, तेव्हा तिनं हिरव्या मखमलीच्या पेटीत सहा चमचे आणि सहा काटे आबांना बक्षीस दिले. अस्सल इंग्लिश चांदी. सुऱ्या मात्र तिनं ठेवून घेतल्या. "नोकराच्या हाती सुरी कोण देते?" असं आबा हसत सांगायचे.

पेटी वर्षातून एकदाच उघडायची, चौदा एप्रिलला. जयंतीच्या दुपारी आबा टेबलावर पांढरी चादर अंथरायला लावत, स्वतः टेबलाच्या टोकाशी मानाच्या खुर्चीवर बसत आणि दोन्ही मुलांनी त्यांना वाढायचं. चमचा उजवीकडे, काटा डावीकडे. आयुष्यभर ज्यानं दुसऱ्याच्या मागे उभं राहून वाढलं, तो माणूस त्या एका दिवशी बसून जेवायचा.

जानेवारीत आबा गेले. जयंतीला दहा दिवस उरले होते आणि त्याआधी पेटीची किंमत काढून वाटणी करावी, असं थोरल्या राकेशचं म्हणणं होतं. किंमत काढणार घरचीच सून.

चेतनानं स्वयंपाकघरातली वजनाची मशीन आणली. काचेची उभी बरणी पाण्यानं भरून तिच्यावर ठेवली. आधी काटा नुसता तोलला, मग दोऱ्याला बांधून पाण्यात सोडला आणि आकडा कितीनं वाढतो ते पाहिलं. चांदी आपल्या वजनाच्या साधारण दहाव्या भागाइतकं पाणी सारते. काटा बासष्ट ग्रॅमचा, आकडा वाढला सहानं. बरोबर.

चमचा एक्कावन्न ग्रॅमचा. आकडा वाढला तोही सहानं. म्हणजे जागा तेवढीच अडवली, पण अंगात वजन नाही.

एकामागून एक तिनं बारा नग बुडवले. सहाही काटे खरे निघाले. सहाही चमचे खोटे.

२

"मशीनबिशीन राहू दे," राकेश म्हणाला. तो भिलाईच्या प्लांटमध्ये होता आणि वाटणीसाठी तीन दिवसांची सुट्टी काढून आला होता. "सरळ सांग, चांदी आहे का नाही?"

"काटे आहेत, भैया. चमचे बदललेले आहेत. पितळेवर मुलामा आहे."

अंजनाबाई, चेतनाच्या सासूबाई, सोफ्यावर बसल्या होत्या. चेतनाचा नवरा अश्विन नुकताच रेल्वेच्या ऑफिसातून आला होता. पायातले मोजे काढता काढता तो थांबला.

"बदलले म्हणजे? कोणी?"

राकेशनं मान वळवली. त्याची नजर स्वयंपाकघराकडे गेली होती. आत कामाला येणारी रमा पोळ्या लाटत होती.

पुढचं सगळं दहा मिनिटांत झालं. रमाला बाहेर बोलावलं. तिचा झोला हॉलच्या मधोमध पालथा केला. कंगवा, अर्धा बिस्किटाचा पुडा, ब्लाऊजपीस, धाकट्या मुलीच्या आधार कार्डाची झेरॉक्स. राकेशनं पायानं झेरॉक्स बाजूला सरकवून खाली काही आहे का पाहिलं.

रमा कोणाकडे न बघता फक्त चेतनाकडे बघत होती. "दीदी, तुमन तो मोला जानथव न?"

चेतना तिला चांगली ओळखत होती. पारमी सव्वादोन वर्षांची असल्यापासून रमाच्या कडेवर वाढली होती. पण चेतनाच्या हातात तो खोटा चमचा होता, समोर मोठा दीर होता आणि तिच्याजवळ पुरावा म्हणून काहीच नव्हतं. ती नुसती उभी राहिली.

रमा खाली बसली. एकेक वस्तू झोल्यात भरली आणि निघून गेली. पीठ लागलेले हातही तिनं धुतले नाहीत.

राकेशनं अश्विनच्या मोबाईलवरून कॉलनीच्या गेटचा तिचा पास बंद केला. "सोमवारपर्यंत वेळ देतो. कबूल केलं तं ठीक. नाही तं ठाण्यात रिपोर्ट आणि तिचा फोटो कॉलनीच्या ग्रुपवर."

फोटो ग्रुपवर गेला, की काय होणार हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. रमा याच गेटच्या आत चार घरी काम करायची. चारही घरं एकाच संध्याकाळी बंद होणार, आणि दोन मुलींची आई पुढच्या कुठल्याही गेटवर चोर म्हणूनच उभी राहणार.

"भैया, मले दोन दिवस द्या," चेतना म्हणाली.

"कशाले?"

"किंमत काढायले. अजून काढून व्हायची आहे."

३

शनिवारी सकाळी पारमीच्या तोंडात उपम्याचे घास कोंबता कोंबता चेतनानं चौकशीला सुरुवात केली.

अश्विन दाढी करत होता.

"पेटीची किल्ली कोणाजवळ असायची?"

"आबाच्या कमरेले. दवाखान्यात नेलं तेव्हा माझ्याजवळ दिली." रेझर थांबला. "म्हणजे तुले माझ्यावर शंका आहे?"

"मी सगळ्यांनाच विचारून राहिली."

"मग भैयाले विचार. पोट्ट्याच्या कोचिंगसाठी मागच्या वर्षी आबाकडे मागत होता तो."

राकेश चहा बशीत ओतून पीत होता. "मी वर्षातून एकदा येतो. जयंतीले. रात्रीच्या गाडीनं वापस."

"पेटीही वर्षातून तेव्हाच उघडते, भैया."

बशी खाली आली. "लय शहाणी झाली तू. पारखी होतीस ना, मग इतके वर्षं त्याच चमच्यानं खीर खाल्ली, तेव्हा नाही समजलं?"

हे मात्र खरं होतं. सात जयंत्या ती त्या टेबलावर बसली होती. पण सासऱ्याच्या घरी चांदी वाजवून कोण बघतं? शिवाय पारमी झाल्यापासून तिला एकही जेवण नीट बसून मिळालं नव्हतं.

अंजनाबाई बाल्कनीत तांदूळ निवडत बसल्या होत्या. चेतना त्यांच्याजवळ टेकली.

"आई, चमचे घासायचं कोण?"

"मीच. चिंच अन् राख. पहाटेपासून घासत बसायची मी, बारा नग." त्यांनी एक खडा उचलून बाहेर फेकला. "मग पाच-सहा वर्षं झाली, ते म्हणाले, तुझी बोटं दुखतात, काटे तू घास, चमचे मी घासतो. मी म्हटलं, आता काय अंगात आलं यांच्या? जन्मात कधी माझं बोट दुखलं तं विचारलं नाही." बोलताना त्या किंचित हसल्या. पन्नासेक वर्षांच्या संसारात मिळालेली ही एवढी एकच गोष्ट त्या जपून ठेवून होत्या, असं ते हसू होतं.

चेतनाच्या मनात काहीतरी खुट्ट झालं. पण तेवढ्यात पारमीनं दुधाचा ग्लास सांडला.

४

दुपारी पोरगी झोपली तसं चेतनानं दार लोटलं, जुनं भिंग काढलं आणि बारा नग चादरीवर मांडले.

आधी काटे. दांड्याच्या मागच्या बाजूला इंग्लिश कारागिरांचे बारीक शिक्के होते. चालता सिंह म्हणजे अस्सल चांदी, जहाजाचा नांगर म्हणजे बर्मिंगहॅम गाव, आणि वर्ष सांगणारं एक अक्षर. जुन्या वस्तूंचा शौकीन या शिक्क्यांसाठी धातूच्या कितीतरी पट मोल देतो. पण सिंहाचं तोंड कुठे शाबूत होतं? आबांनी, आपल्याकडे प्रत्येक घर करतं तेच केलं होतं. भांडं घरात आलं की त्यावर नाव घालायचं. गोल बाजारातल्या माणसानं नेमकी शिक्क्यांचीच सपाट जागा निवडून ठिपक्या-ठिपक्यांनी ठोकलं होतं: सौ. अंजनाबाई हि. गजभिये, १४-४-७३. शौकिनाच्या लेखी काट्यांची निम्मी किंमत तिथेच संपली होती.

चेतनाला हसू आलं आणि लगेच वाईटही वाटलं. बायकोचं नाव घातलं होतं त्यांनी, स्वतःचं नव्हे.

मग चमचे. नाव तेच, तारीख तीच, जागाही तीच. पण खाली सिंह नाही, नांगर नाही. भिंगातून पाहिलं, तर नावाच्या प्रत्येक ठिपक्याच्या तळाशी पिवळं पितळ चमकत होतं. मुलामा आधी चढला, नाव नंतर ठोकलं गेलं. आणि ठोकलं हातानं. आजकाल सगळीकडे विजेचं यंत्र घुर्र करून नाव कोरतं. त्याची रेघ सलग येते. हे ठिपके छिन्नी-हातोडीचे होते.

मग तिनं चमचे पालथे घातले.

सहाही चमचे सारखे नव्हते. एकाच्या पोटाचा मुलामा पार निघाला होता, रुपयाएवढं पितळ उघडं पडलं होतं. दुसऱ्याचं त्याहून थोडं कमी. तिसऱ्याचं आणखी कमी. तिनं ते क्रमानं लावले. सहावा जवळपास कोरा होता. राखेनं वर्षातून एकदाच घासल्या जाणाऱ्या वस्तूंची ही झीज होती. एक सहा वेळा घासला गेलेला, एक पाच, एक चार, आणि शेवटचा फक्त एकदा.

चोरी एका दिवशी झालेली नव्हती. सहा वर्षं, दरवर्षी एक चमचा.

आणि रमा या घरात आली त्याला तीन वर्षंही पूर्ण झाली नव्हती.

तिनं अश्विनला हाक मारली. त्यानं दारात उभं राहून सगळं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाला, "म्हणजे रमा नाही."

"नाही."

"मग आपल्यातलंच कोणी. हे भैयाले तू सांगशील का मी?"

"अजून एक गोष्ट सांग. चोरीच करायची, तं काटे काहून सोडले? काटा चमच्यापेक्षा जड आहे. वजनावर विकणारा आधी काटा उचलेल."

"मग?"

चेतनानं पारमीकडे पाहिलं. तिच्या हनुवटीवर दुपारच्या वरणाचा वाळका डाग तसाच होता. "ज्याले चमचाच पाहिजे होता, त्यानं चमचा नेला. काट्यानं लेकराले भरवता येत नाही."

५

गोल बाजारात छिन्नीनं नाव घालणारा आता एकच माणूस उरला होता. गुलाबराव. पितळी हंड्यांच्या दोन दुकानांच्या मधे गोणपाट टाकून बसलेला, पंचाहत्तरीचा, जाड भिंगाचा चष्मा दोऱ्यानं डोक्याला बांधलेला. चेतनानं स्कूटी लावली, पारमीला उतरवलं आणि काटा व चमचा दोन्ही त्याच्या पुढ्यात ठेवले.

"काका, हे हात तुमचे?"

त्यानं काटा डोळ्याजवळ नेला. "हव, माझेच. नवीन दुकान घातलं होतं तेव्हाचे. पाह्य, अक्षर कसं थरथरून राहिलं." मग चमचा घेतला आणि त्याचा चेहरा मवाळ झाला. "हाही माझाच. पण हा म्हाताऱ्या हाताचा. हिरालाल कुठे आहे? औंदा आला नाही."

चेतना त्याच्यासमोर खाली बसली. "आबा? तेच आणायचे?"

"दुसरं कोण? दरवर्षी फेब्रुवारीत. एक कोरा मुलाम्याचा चमचा, एक जुना चांदीचा. म्हणे, गुलाब, कोऱ्यावर जुन्यावानीच नाव ठोक, फरक दिसला नाही पाहिजे. मी म्हटलं, काहून रे, बायकोले फसवून राहिला का? तं म्हणे, हव." गुलाबराव खो खो हसला आणि मग तिचा चेहरा पाहून थांबला. "गेला का तो?"

"जानेवारीत."

तो हातातला चमचा फिरवत राहिला.

"आणि जुन्या चमच्याचं काय करायचे?" चेतनानं विचारलं.

"त्याच्यावर आणखी एक नाव. बाईच्या नावाखाली. सुमेध. अन् पुढे आकडा. पहिल्या साली एक, दुसऱ्या साली दोन. वाढदिवसाचा असेल. मागच्या साली सहा झाले."

"सुमेध कोण?"

"नातू म्हणायचा. लेकीचा पोट्टा. भनपुरीले राहते ना, शाळेत शिकवते ती. तुले माहीत नाही?"

चेतनाला नातवाचं माहीत नव्हतं. पण या घराला एक मुलगी होती, आणि तिचं नाव काढायचं नाही, हे माहीत होतं.

६

दीक्षा. अश्विनची बहीण. नऊ वर्षांपूर्वी, चेतना या घरात यायच्या आधी, तिनं एका हॉटेलातल्या वेटरशी लग्न केलं होतं. मुलगी बी.एड. झालेली. आबांनी तेव्हा म्हटलं होतं, मी जन्मभर दुसऱ्याची ताटं उचलली ती माझ्या पोरीनं ताट उचलणाऱ्याच्या घरी जावं म्हणून नाही. त्या दिवसापासून दीक्षा मेली, असं त्यांनी जाहीर केलं होतं. अंजनाबाईंना बजावलं होतं, तिला फोन केलास तर मी या घरात अन्न घेणार नाही.

भनपुरीत शाळेच्या दीक्षाबाईंचं घर विचारत विचारत सापडायला तास गेला. दार उघडलं त्या बाईचं नाक थेट अंजनाबाईंचं होतं. चेतनानं आपली ओळख सांगितली. दीक्षा दारातच उभी राहिली, मग बाजूला झाली. "या."

सुमेध सात वर्षांचा होता. त्यानं पारमीला आपला तुटका बुलडोझर दाखवायला नेलं.

चमचे कपाटात, तिच्या डिग्रीच्या फायलीखाली होते. सहाही. काळे पडलेले, कोणी चिंचेनं न घासलेले. चेतनानं एक तळहातावर घेतला. वजन लगेच कळलं. सौ. अंजनाबाई हि. गजभिये. खाली नव्या ठिपक्यांत: सुमेध, ३.

"पोट्टा झाला तेव्हा मी चिठ्ठी पाठवली होती," दीक्षा म्हणाली. "उत्तर आलं नाही. पहिल्या वाढदिवसाले आबा दारात. हातात हा चमचा. खीर करायले लावली, भरवली अन् गेले. चहासुद्धा घेतला नाही. मग दरवर्षी. आमच्या घरचे हे वाढायले यायचे, तं त्यांना म्हणायचे, जावईबापू, चमचा उजवीकडे." ती हसली, पण हसू टिकलं नाही. "गेले ते पेपरातल्या फोटोवरून कळलं. स्मशानाच्या बाहेर रस्त्याच्या त्या बाजूला उभी होती मी."

"घरी काहून नाही आल्या, ताई?"

"आई होती ना घरी. तिले मी नको आहे, मग कशाले तिच्या दुःखात आणखी भर?"

चेतनाला वाटलं, आपण काहीतरी चुकीचं ऐकलं. "आईंना तुम्ही नको आहात, हे कोण म्हणालं?"

"आबाच. दरवर्षी मी म्हणायची, आईले घेऊन या. ते म्हणायचे, माझा राग गेला पोरी, तुझी आईच ऐकत नाही. तुझं नाव काढलं तं पानावरून उठते."

आतल्या खोलीत दोन्ही मुलं बुलडोझरवरून भांडत होती. चेतना चमचा हातात धरून बसून राहिली. आबांचं आता तिला लख्ख दिसत होतं. मुलीकडे गेल्याशिवाय त्यांना राहवत नव्हतं, आणि घरात दिलेला शब्द मागे घेतला असं बायका-पोरांसमोर दिसूही द्यायचं नव्हतं. म्हणून त्यांनी दोन्हीकडे एकेक खोटं वाढलं. नीट, सवयीच्या हातानं, कोणाच्या अंगावर न सांडता.

निघताना दीक्षानं सहाही चमचे रुमालात बांधून पुढे केले. "घेऊन जा. वाटणीत कमी नको पडायले."

चेतनानं रुमाल परत तिच्या हातात दिला. "हे पेटीतले नाहीत, ताई. यांच्यावर नाव आहे."

७

रविवारी सकाळी तिनं सगळ्यांना हॉलमध्ये बसवलं. सांगायचं की नाही, याचा विचार तिनं रात्रभर केला होता. न सांगावं तर सोमवारी रमा ठाण्यात. सांगावं तर सासूबाईंच्या हातून त्यांचा नवरा जाणार, दुसऱ्यांदा. मधला रस्ता तिनं खूप शोधला. तो नव्हता.

तिनं झीज दाखवली, ठिपक्यांतलं पितळ दाखवलं, गुलाबराव सांगितला, भनपुरी सांगितली. आबांनी दीक्षाला काय सांगितलं होतं, तेवढं ती गिळून टाकणार होती.

"खोटं आहे," राकेश म्हणाला. "आबा असं करूच शकत नाहीत."

"सहाही चमचे मी डोळ्यानं पाहून आली, भैया."

अंजनाबाईंनी मान वर केली. "ती काही बोलली माझ्याबद्दल?"

चेतना चमचे पेटीत परत लावू लागली.

"चेतना, मी विचारून राहिली. पोरीनं विचारलं नाही, आई काहून नाही आली?"

"विचारायच्या त्या. दरवर्षी."

"मग ते काय म्हणायचे?"

चेतनानं अश्विनकडे पाहिलं, तो खिडकीबाहेर बघत होता. मग तिनं सांगितलं. आडवळण न घेता, जसंच्या तसं.

अंजनाबाईंनी ऐकून घेतलं. रडल्या नाहीत. आपली वाकडी झालेली बोटं त्यांनी समोर धरून पाहिली.

"बोटं दुखतात म्हणाले मले," त्या म्हणाल्या. "मी शेजारणीले सांगितलं होतं. म्हटलं, म्हातारपणी का होईना, माया आली." जरा थांबून म्हणाल्या, "सहा वर्षं ती पोरगी समजून राहिली, आईचं काळीज दगडाचं आहे. अन् मी इथे नळ मोठा सोडून तिच्या नावानं रडायची, त्यांना ऐकू जाऊ नये म्हणून."

"आई, आपण आजच जाऊ तिच्याकडे," अश्विन म्हणाला.

"कशाले? नवऱ्याले खोटं पाडायले?" त्या उठल्या. "मेलेल्या माणसाशी भांडताही येत नाही. खुलासा कोणाले मागू?" आणि आपल्या खोलीत जाऊन त्यांनी दार लावून घेतलं.

राकेशनं गेटचा पास चालू केला. मग कॉलनीच्या ग्रुपवर त्यानं लिहिलं: रमाबाईंबाबत गैरसमज झाला होता, तो दूर झाला. फोटो टाकायचं राहिलं होतं, पण कुजबूज परवाच गेली होती. चारपैकी दोन घरांनी रमाला येऊ नको म्हणून कळवलं होतं.

चेतनानं फोन लावला. रमानं सगळं ऐकलं, राकेशनं ग्रुपवर काय लिहिलं तेही.

"अच्छा हुआ दीदी, नाम साफ हो गया."

"उद्यापासून ये, रमा. पारमी वाट बघून राहिली."

"नहीं दीदी. आप के घर में अब मेरे से रोटी नहीं बेली जाएगी." तिचा आवाज चढला नव्हता. "एक बात बोलूं? झोला सब के सामने खाली कराया था. अब सच भी सब के सामने बोलना. गैरसमज मत बोलना. गैरसमज में तो आधा चोर मैं ही रहती हूं."

फोन ठेवल्यावर चेतनानं कॉलनीचा ग्रुप उघडला आणि राकेशच्या ओळीखाली लिहिलं: आमच्या घरातले चांदीचे चमचे रमानं घेतलेले नव्हते. ते आमच्या घरातल्याच माणसानं बदलले होते. आम्ही पुरावा नसताना तिचा झोला उलटा केला, आणि मी तिथे उभी असून गप्प राहिले. तिनं खाली आपलं नाव टाकलं, फ्लॅटचा नंबर टाकला आणि पाठवलं.

"आबाची इज्जत चव्हाट्यावर टाकली तू," राकेश दारातून म्हणाला. "वाटणी नको मले. ठेवा तुमचे काटे." भिलाईची गाडी दुपारची होती, तरी तो सकाळीच निघाला.

ग्रुपवर पाच-सहा अंगठे आले. मग कोणीतरी पाण्याच्या टँकरचं विचारलं आणि बोलणं तिकडे वळलं. ज्या दोन घरांनी रमाला सोडलं होतं, त्यांनी काही लिहिलं नाही.

पेटी टेबलावर तशीच पडून होती. किंमत काढायची म्हणून आणलेल्या कागदावर चेतनानं बारा नग लिहून ठेवले होते, पुढे सगळं कोरं. तिनं कागदाची घडी केली.

पारमी आजीच्या खोलीतून आली. दार उघडायचं फक्त तिच्यासाठी. ती येऊन चेतनाच्या मांडीवर चढली, नेहमीसारखी धसमुसळेपणानं नाही, हळू.

"आजी जेवत नाही म्हणते."

"थोड्या वेळानं जेवेल."

"मी विचारलं, काहून? तं म्हणे, मी आबासोबत कट्टी आहे."

चेतनानं तिच्या केसांतून हात फिरवला. पोरगी विचारात पडली होती. कपाळावर बारीक आठी आली होती.

"मम्मी, कट्टी केली की मग बट्टी करावी लागते ना?"

"हो."

"पण आबा तं आता येतच नाहीत," पारमी म्हणाली. "मग आजीसोबत बट्टी कोण करेल?"